लोकांसाठीचा हात

साखराबाई चारचौघांत उजवी होती आणि एकटी असली की डावरी. लगीन होऊन वाडीत आल्यापासून तिनं हे झाकून ठेवलं होतं. झाकता झाकता भ्यायची अशी सवय लागली की भ्यायला काही कारण नसलं तरी भीती आपली तिच्या अंगावर असायचीच, नेसत्या लुगड्यासारखी.

वाडी धारूरच्या डोंगराच्या पोटाशी. ओढ्याच्या पलीकडं बागायतदारांची सिमेंटची घरं, अलीकडं धनगरांची वस्ती, पत्र्याची. साखराबाईचं माहेर दिंद्रुडचं. तिथं ती लहानपणी भाकरीचा पहिला तुकडा डाव्या हातानं मोडायची. तिच्या आईनं, कडूबाईनं, हे पाहिलं आणि धसकाच घेतला.

आमच्याकडं अशा माणसाला डावरा म्हणत्यात, कुणी डेबरा म्हणतं, आणि राग आला असला तर नुसतं 'उलटं' म्हणून मोकळं होत्यात. पुरुष डावरा असला तर त्याचं फार काही अडत नाही. तो गोफण उलटी फिरवतो म्हणून पोरं चार पावलं लांब उभी राहतात, एवढंच. बाईची गोष्ट निराळी. डावरीनं वाढलेलं पुरत नाही, डावरीनं पिळलेली शेळी आटते, डावरीनं लावलेली हळद अंगी लागत नाही. डाव्या हातानं हळद लावतात ती तिरडीवरच्या माणसाला. म्हणून कडूबाई जेवायच्या वक्ताला पोरीचा डावा हात चिंधीनं कमरेला बांधायची. एकदा साखरानं परात डाव्या हातानं ओढली, तर कडूबाईनं चुलीतलं उलथनं मनगटावर टेकवलं. तो डाग अजून आहे. सासरी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, तेल उडालं.

"हा हात लोकांसाठी," आई उजवा हात धरून सांगायची. "आन् त्यो तुझा. तुझा कुनाला दावायचा न्हाई."

एवढ्यावर भागलं असतं. पण साखरा आठ-नऊ वर्षांची असताना गल्लीतल्या एका सुनेचा चांदीचा तोडा गेला, आणि गल्लीतल्या सगळ्या पोरींना खंडोबाच्या थानावर उभं करून बेलभंडार उचलायला लावला. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा मुठीत घ्यायचा आणि सांगायचं, मी खोटी असंल तर माझ्या घरावर येवो. साखरानं तोडा घेतला नव्हता. तिनं शिकवल्यासारखा उजवा हात पुढं केला आणि खरं ते सांगितलं. त्याच महिन्यात तिचा धाकटा भाऊ सुग्रीव तापानं गेला. मढं अंगणात होतं, बाया रडत होत्या, तेवढ्यात कडूबाईनं पोरीला जवळ ओढून एकच विचारलं, "कोनच्या हातानं उचललातास गं?"

साखरा म्हणाली, उजव्या.

आई पुढं काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, तर पोर विसरून गेली असती. लोकांसाठीचा हात देवापुढं केला म्हणून भाऊ गेला, हे न बोललेलं मात्र तिच्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच.

तिच्या नवऱ्याला, सटवाला, ही गोष्ट लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कळली. तो मेंढरं घेऊन लवकर परत आला, तर बायको बांधावर बाभळीचा पाला तोडतेय, कोयता डाव्या हातात, आणि घाव असे पडतायत की त्यालाही तसे जमायचे नाहीत. बघत उभा राहिला नि हसला. म्हणाला, मला तर बापानं एकाच खर्चात दोन बायका करून दिल्या. तिनं कोयता टाकून दिला आणि मटकन खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडलेले बघून त्याचं हसू गेलं. मग त्यानंही कुणाला सांगितलं नाही. पोरगा सोमेश्वर मोठा झाला, मांजरसुंब्याच्या धाब्यावरून ट्रकवर गेला, त्याचं लगीन झालं, सून उज्ज्वला घरात आली. त्यातल्या कुणाला आईच्या हाताचा पत्ता नव्हता.

ह्या वर्षी ज्वारी निघून गेल्यावर, उन्हं तापायला लागली तेव्हा, ओढ्यापलीकडच्या अमरसिंहाच्या बागेत एका सकाळी ओरडा झाला. मोसंबीची तीन वर्षांची झाडं कुणीतरी रातोरात गुडघ्याएवढ्यावर तोडून टाकली होती. दोन ओळी साफ. शेंडे जागच्या जागी पडलेले, पानं अजून सुकलीही नव्हती. अमरसिंह जिल्हा परिषदेला उभा राहणार होता. त्याच्या झाडांवर घाव म्हणजे त्याच्या तोंडावर घाव. बागेत कॅमेरे बसवायचे होते, पण नुसते खांब उभे होते, वर काही नव्हतं.

बागेचा सगळा कारभार धोंडीराम बघायचा. तो एकेका बुडख्यापाशी उकिडवा बसत गेला. ठिबकच्या ओल्या मातीत पावलं उठली होती, त्यामुळं तोडणारा कुठं उभा होता ते दिसत होतं. धोंडीरामानं रिकाम्या हातानं घाव घालून बघितला, एका हातानं, मग दुसऱ्या. उठला आणि म्हणाला, हा उजव्याचा घाव न्हाई. उतार उलटा हाय. डावऱ्याचं काम हाय हे.

माणूस उलटा उभा असंल, प्यालेला असंल, दोन जण असतील, असलं कुणी काही बोललं नाही. डावरा, एवढा एक शब्द ओढ्याच्या अलीकडं यायला भाकरी भाजून होईतो वेळ लागला. आणि तो थेट धनगरांच्या वस्तीत आला, कारण गेल्या उन्हाळ्यात सटवाची मेंढरं बागेत शिरली होती. धोंडीरामानं ती कोंडून घातली आणि एक गाभण मेंढी कोंडल्या जागी मेली. सटवा कुंपणाशी उभा राहून सगळ्यांच्या देखत ओरडला होता, ह्या झाडाला फळ कसं धरतंय बघतो. सटवा उजवा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून आता सटवाच्या भोवती डावरं कोण आहे ते शोधायचं होतं.

साखराबाईच्या हातातली परात तिथंच थांबली.

धोंडीराम दुपारी वस्तीत आला. घराघरात पाणी मागत होता आणि कोण कुठल्या हातानं देतंय ते बघत होता. लोकांना ते कळत होतं आणि लोक हसत होते. म्हातारा धुळाजी तर म्हणाला, पायानं दिऊ का रं. साखराबाईला हसू येईना. तिनं तांब्या उजव्या हातानं पुढं केला. आयुष्यभर त्याच हातानं पाणी दिलं होतं, पण आज तिचं तिलाच समजेना की तांब्या धरतात कसा. पाणी हिंदकळून धोंडीरामाच्या पायावर पडलं.

"हात कावून कापतोय गं?"

"उन्हाचं आलाव रानातनं."

त्यानं पाणी प्यायलं, तंबाखू काढली, निवांत मळली. चुन्याची डबी मिटवली आणि जायला वळला. वळता वळता एकदम ती डबी त्यानं तिच्या अंगावर फेकली. "धर."

डावा खांदा तिच्या आत हलला. तेवढंच. बाहेर काही हललं नाही. डबी तिच्या छातीवर आपटली, खाली पडली, गडगडत चुलीपाशी गेली. ती दोन्ही हात लोंबते ठेवून उभी.

धोंडीराम मोठ्यानं हसला. "आगं, तुझं तर दोनी बी हात डावंच हायत की."

तो गेल्यावरही ती तशीच उभी होती. उज्ज्वलानं डबी उचलून विचारलं, मामी, ही कुनाची. उज्ज्वलाला सातवा सरला होता. आशाताईनं दर आठवड्याला धारूरच्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं. तिच्या पोटाकडं बघून साखराबाईला सुग्रीवाचं मढं आठवलं आणि तिनं नजर काढून घेतली.

संध्याकाळी निरोप आला. रविवारी दुपारी, खंडोबाच्या थानावर, वस्तीतल्या प्रत्येकानं बेलभंडार उचलायचा. अमरसिंहानं पोलिसात अजून काही दिलं नव्हतं. देव सांगील तसं करू, असं तो चार लोकांत बोलला होता. निवडणुकीच्या तोंडावर हे बोलणं बरं दिसत होतं. वाडीतली रीत अशी होती, की ज्यानं शपथ घेतली तो खरा धरायचा, आणि ज्यानं आळ घेतला त्यानं शपथवाल्याच्या हातचा भंडारा आपल्या कपाळाला लावून घ्यायचा. लावला की विषय तिथं संपला. नाही लावून घेतला, तर आळ घेणाराच देवाच्या घरी खोटा. पण शपथ खोटी असंल तर काय व्हायचं ते घरावर व्हायचं. कधी व्हायचं हे कुणी सांगू शकत नव्हतं.

सटवा घरात आला तो सरळ कोपऱ्यात गेला आणि साखराबाईचा कोयता काढला. मुठीवर अंगठ्यानं खड्डा पडला होता, नको त्या बाजूला. काचेचा तुकडा घेऊन तो मूठ खरवडायला लागला. ती बघत राहिली. झाडं तिनं तोडली नव्हती, त्यानं तोडली नव्हती. आणि दोघं चोरासारखे खाली बसून लाकूड खरवडत होते. उज्ज्वला दारात आली तेव्हा सटवानं कोयता धोतराच्या सोग्याखाली घातला आणि म्हणाला, मूठ ढिली झालती.

ती पाण्याला गेल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "उजव्यानं उचल. समदी उजव्यानंच उचलनार हायत."

"त्यांचा उजवा त्यांचा हाय."

"आन् तुझा?"

"माझा लोकांसाठी लावलेला हाय. त्यो घिऊन देवाच्या म्होरं कशी जाऊ?"

"देव काय हात बघतंय व्हय?"

तिनं सुग्रीवाचं नाव घेतलं नाही. सटवाला ती गोष्ट माहीत होती. त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, डाव्यानं उचललंस तर धोंड्या तितंच धरील. पोलिसात देतील. वस्तीची मेंढरं खतासाठी त्यांच्या रानात बसवतोय, ते बंद. पुढारी मानूस हाय, सोम्याला कुठल्या ट्रकवर बसू द्यायचा न्हाई.

"आन् उजव्यानं उचलला तर पोरीच्या पोटावर जाईल," साखराबाई म्हणाली.

मग सटवानं असंही सुचवलं, की ओंजळ कर, दोन्ही हात लाव. पण गुरव एका मुठीचाच भंडारा देतो, हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी तो उठून मेंढरांकडं गेला. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारपर्यंत बाया काही बोलायला आल्या की तिला वाटायचं, ह्यांना कळलंय. काही न बोलता गेल्या की वाटायचं, ह्यांना नक्की कळलंय. उज्ज्वलानं एकदा कळ आली म्हणून पाठ धरली, तर साखराबाईनं देवळीपुढं डोकं आपटलं आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, अजून उचलला न्हाई रे, अजून न्हाई. कळ निघून गेली. सून घाबरून सासूकडंच बघत राहिली.

थानावर माणूस मावत नव्हता. ओढ्यापलीकडचे लोक एका बाजूला, वस्ती एका बाजूला. अमरसिंह पांढऱ्या कपड्यात उभा, त्याची आई छबुबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर. पोरांनी मोबाईल वर धरले होते. गुरव ताटात बेल आणि भंडारा घेऊन पायरीवर बसला होता. एकेक जण पुढं यायचा, उजवी मूठ भरायचा, बोलायचा, अमरसिंह वाकायचा, कपाळावर पिवळं बोट उमटायचं. धोंडीराम बाजूला उभा राहून हात बघत होता. धुळाजीच्या वेळेला अमरसिंहाचं कपाळ इतकं पिवळं झालं होतं, की कुणीतरी मागून म्हणालं, दादांची हळदच चाललीय, वऱ्हाड कुठं हाय. लोक हसले. अमरसिंहही हसला.

सटवानं उचलला. उजव्यानं. मग साखराबाईचं नाव आलं.

पायरीपर्यंत ती कशी गेली हे तिला नंतर सांगता आलं नाही. ताट दिसलं, त्यातलं पिवळं दिसलं. मागं उज्ज्वला बायांत बसली होती. बसताना तिनं जमिनीला हात टेकवला, बांगड्या वाजल्या, ते ऐकू आलं. साखराबाईनं उजवा हात पदराबाहेर काढला. तो थोडा पुढं गेला आणि थांबला. गुरव म्हणाला, घे गं बाई. ती हलेना. लोकांची कुजबूज उठली. सटवानं खोकल्यासारखं केलं.

मग तिनं उजवा हात मागं घेतला, पदरात गुंडाळला, आणि डावा पुढं केला.

तिनं मूठ भरली तशा बाया 'आगंबाई' म्हणत मागं सरल्या, जशा काही तिच्या हातात विंचू होता.

"घावलं," धोंडीराम म्हणाला. "दादा, घावलं बघा. डावरी हाय ही."

साखराबाईचा आवाज फुटेना. फुटला तेव्हा तो तिचा वाटत नव्हता. "व्हय, डावरी हाय. आईनं चटकं दिलं, हात बांधला, पर हाय. ह्यो माझा हात हाय देवा, दुसरा लोकांसाठीचा हाय. ह्या हातानं मी त्या झाडाला शिवलेली न्हाई. शिवले असंल तर माझ्या घरावर येवो."

आणि ती मूठ घेऊन अमरसिंहाकडं वळली.

अमरसिंह मागं सरला. अर्धंच पाऊल, पण सगळ्यांनी बघितलं. आता भ्यायची पाळी त्याची होती. त्याला हवी ती डावरी सापडली होती, पण ती शपथ घेऊन समोर उभी होती. भंडारा नाकारला तर देव नाकारला, तोही एवढ्या मोबाईलांसमोर. आणि घेतला, तर डाव्या हाताची हळद, तिरडीवरच्या माणसाची, फॉर्म भरायच्या तोंडावर, जित्या कपाळाला. त्याच्या ओठांवर घाम आला.

"उजव्या हातानं लाव," तो म्हणाला.

"उचलला त्या हातानं लावत्यात दादा." हे गुरव बोलला, ताटाकडं बघत.

धोंडीराम मधे पडला, दादा, चोरटी हाय, पोलिसाला फोन लावू. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. सगळे कपाळाकडं बघत होते. तेव्हा छबुबाई खुर्चीतून बोलली. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून ती नेहमीच मोठ्यानं बोलायची.

"अमर, वाक."

"आई, हात बघ तिचा."

"हात देवानं बघितला. शपत तू घ्यायला लावलीस ना? मग वाक. घरावर यायचं ते तिच्या येईल. तू न्हाई वाकलास तर आपल्या येईल."

अमरसिंह वाकला. डोळे घट्ट मिटले. साखराबाईचं बोट एवढं कापत होतं की भंडारा कपाळावर सरळ न लागता भुवईवरून गालापर्यंत ओघळला. त्यानं पुसला नाही. पुसायची त्याची छाती झाली नाही. तसाच तो गाडीत बसला, आणि त्याच्यामागं धोंडीराम.

विषय संपला. रीतीप्रमाणं संपला. पोलीस आले नाहीत, मेंढरं रानात बसायची ती बसली. उज्ज्वलाला वेळेवर धारूरच्या दवाखान्यात पोरगी झाली, चांगली धडधाकट. तिच्या बाळंतपणापर्यंतचे दिवस साखराबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दवाखान्याच्या ओट्यावर बसून ती पदर चावत होती, आणि नर्स बाहेर आली तेव्हा तिनं आधी दोन्ही कान झाकले होते.

वस्तीतल्या बाया आता तिला हळदीकुंकवाला बोलावतात, पण करंडा तिच्या हाती देत नाहीत. ती मागतही नाही. कोयता उघड्यावर डाव्या हातानं चालवते. कुणी बघत उभं राहिलं तर तिचे खांदे अजून वर जातात.

पण एक गोष्ट शपथेनं मिटली नाही. झाडं कुणी तोडली ते कळलं नाही. ज्यानं तोडली तो कुठंतरी होता, जेवत होता, झोपत होता, आणि त्याच्यापाशी कोयता होता. अमरसिंहानं दोन्ही ओळी पुन्हा लावल्या. नव्या रोपांवर पुन्हा घाव पडला, तर धोंडीराम बुडख्यापाशी उकिडवा बसायच्या आधीच सगळी वाडी कुणाचं नाव घेईल, हे साखराबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. आता तर तिचा हात सगळ्यांना माहीत होता.

म्हणून आता मेंढरं तीच रोज त्या बागेच्या कुंपणानं नेते. ओढ्याकडं हिरवं गवत असलं तरी तिकडं नेत नाही. सकाळी आल्या आल्या कुंपणातून ओळी बघते, सगळी रोपं उभी दिसली की मग खाली बसते. गाय शिरली तर हाकलते. कुणी अनोळखी माणूस बांधावर दिसला की उठून त्याला नाव विचारते, गाव विचारते. एकदा ठिबकची नळी फुटली होती, तर तिनंच चिंधी बांधली आणि मग अर्धा दिवस ती चिंधी कुणाला दिसेल म्हणून जीव मुठीत धरून बसली.

सटवा म्हणाला, फुकटची राखनदारीण झालीस की गं त्यांची.

"व्हय," ती म्हणाली, आणि कुंपणापलीकडं बघत राहिली.